काठावरची राखण

जुन्या धोतरात गुंडाळलेला मासे गरवायचा रॉड मी बाहेर काढला आणि बिवलकरचा हात जीपच्या दारावरच राहिला.

"हा कुठून आणलात?"

"घरून. माझ्या भावाचा आहे. ओळखला नाहीत?"

न ओळखायला काय झालं होतं? तो रॉड त्यानंच हेमंतला दिला होता. त्यानं तो माझ्या हातातून जवळजवळ ओढूनच घेतला. मुठीच्या जरा वर तारेची एक बारीक कडी असते. त्या कडीत गळावर बांधलेली पिसांची जुनी माशी अडकवलेली होती आणि दोरा रिळावर घट्ट गुंडाळलेला होता. बिवलकरनं खिशातून नेलकटर काढलं, कट्‌कन दोरा कापला आणि माशी शर्टाच्या खिशात टाकली.

"ती माझी आहे," मी म्हटलं.

"गंजलीय. मी नवी बांधून देतो."

"गंजलेली असली तरी माझीच आहे."

खाली बसून तो नवी माशी बांधायला लागला. एरवी सफाईनं चालणारे त्याचे हात त्या दिवशी गाठ मारताना दोनदा चुकले. मला बरं वाटलं. त्या माणसाचं काहीही चुकलं की मला बरं वाटायचं.

आमची आरणा नदी कोळघरच्या वीजगृहाखालून वाहते. धरणाच्या तळचं थंडगार पाणी डोंगराच्या पोटातल्या यंत्रांवरून पडतं आणि बोगद्यातून नदीत येतं. यंत्र बंद असलं की नदी गुडघाभर. यंत्र सुरू झालं की थोड्याच वेळात तिथं हत्ती उभा राहणार नाही. म्हणून आधी भोंगा देतात. त्या थंड, धावत्या पाण्यात महाशीर मासा येतो, आणि गावातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या तो गरीला गांडूळ लावून गरवत आली आहेत. बिवलकर इंजिनिअर म्हणून वीजगृहावर आला तो हिमाचलातली नोकरी करून. तिकडे असंच एका धरणाखाली तो ट्राउट धरायला शिकला होता. पिसं आणि दोरा गुंडाळून केलेली खोटी माशी, लवचिक रॉड, आणि धरलेला मासा परत पाण्यात सोडायचा. गाव पोट धरून हसलं. हेमंत तेवढा हसला नाही. तो बिवलकरच्या मागे लागला आणि दोन पावसाळ्यांत चांगला तयार झाला. मासे पकडून सोडून देणारा मुलगा म्हणून आई त्याला रोज टोमणे मारायची.

मग एका सकाळी हेमंतला आरणेनं नेलं. बरोबर फक्त बिवलकर होता. त्यानं सगळ्यांना सांगितलं ते असं: हेमंत पाण्यात होता, तो स्वतः काठावर राखण करत होता. भोंगा झाला. त्यानं हाका मारल्या. पण हेमंतच्या दोरीला मोठा मासा लागला होता, त्याला तो सोडवेना. अगदी शेवटी त्यानं रॉड काठाकडे भिरकावला आणि पाण्यानं त्याला उचललं.

रॉड वीजगृहाच्या वसाहतीतल्या वॉचमननं घरी आणून दिला. हेमंत तीन कोस खाली सापडला.

आमचे अप्पा वीजगृहात ऑपरेटर होते. त्या दिवशी पाळी त्यांचीच होती. भोंग्याचं बटण त्यांनी दाबलं आणि यंत्रही त्यांनीच सोडलं. तेराव्याला आलेल्या माणसांसमोर ते एकच वाक्य बोलले, "माशासाठी मेला." त्यानंतर हेमंतचं नाव त्यांच्या तोंडून कधी आलं नाही. फोटो त्यांनी कपाटात उलटा ठेवला. आईनं एकदा तो भिंतीवर लावला तर जेवणावरून उठून गेले. आई गेली तीही मुलगा हावरट होता हे ऐकतच गेली. त्याबद्दल मी देवाला आणि बिवलकरला सारखाच दोष देत आले आहे.

नऊ वर्षांनी बिवलकर बढती घेऊन कोळघरला परत आला. मी तेव्हा वसाहतीच्या शाळेत शिकवत होते. मला त्याच्याकडून एकच गोष्ट हवी होती. भोंगा होऊनही माझा भाऊ पाण्याबाहेर का आला नाही? हेमंतला मी ओळखत होते. ताटातली शेवटची भाकरी दुसऱ्याला देणारा तो मुलगा एका माशासाठी मरेल, हे माझ्या गळी कधी उतरलंच नाही. मी बिवलकरच्या बंगल्यावर गेले. साहेब कामात आहेत, असं सांगून बायकोनं दार लावून घेतलं. दुसऱ्यांदा गेले तेव्हा तो फाटकाशीच भेटला. झालं ते झालं बाई, म्हणाला, उकरून काय मिळणार? मी म्हटलं, उकरू नका. मला गरवायला शिकवा.

त्याला नाही म्हणता आलं नाही. बहुतेक घाबरला असावा. शाळेतली बाई फाटकाशी उभी राहते हे काही साहेबाला शोभणारं नव्हे. चार रविवार त्यानं मला वसाहतीच्या मैदानावर, गळाशिवाय, नुसता दोरा हवेत फेकायला शिकवलं. बायका गॅलरीत येऊन बघायच्या. साळवीबाई कावळे हाकतायत, असं मुलं वर्गात कुजबुजायची. मी लक्ष दिलं नाही. मैदानावरही मी त्याला विचारत राहिले आणि तो दर वेळी मनगट सरळ ठेवा, एवढंच म्हणत राहिला.

आणि त्या दिवशी पहिल्यांदा पाण्यावर आलो होतो. रविवार होता, यंत्र बंद होतं. नदीच्या मधोमध एक बसका काळा खडक आहे. त्याच्या वर खळाळ, खाली डोह. खडकावर उभं राहून माशी डोहाच्या तोंडाशी टाकायची.

"आधी मी आत जातो," तो म्हणाला. "तुम्ही राखण करा."

"म्हणजे नेमकं काय करायचं?"

"खडकावर उभं राहिलं की खळाळात भोंगा ऐकू येत नाही. हाकसुद्धा नाही. म्हणून एकानं काठावर थांबायचं. भोंगा ऐकला की आतल्याच्या शेजारी पाण्यात दगड मारायचा. त्याला दिसतं."

"आणि त्यानं बघितलं नाही तर?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. "बघतोच माणूस," एवढंच म्हणाला.

मग पाण्यात पाय टाकता टाकता, जिभेला वर्षानुवर्षं सवय असावी तसा, मागे वळून म्हणाला, "राखण करताना गळ मोकळा ठेवायचा नाही. दोरा पूर्ण गुंडाळा, माशी कडीत अडकवा आणि रॉड झाडाला लावून ठेवा. रॉड हातात असला की राखणदाराचंही लक्ष माशात जातं. हिमाचलात हा पहिला धडा."

बोलून झाल्यावर तो जागीच थांबला. पाणी त्याच्या पोटऱ्यांवरून वाहत होतं. वाटलं, आता मागे येतो. पण तो तसाच पुढे गेला.

मी दोरा गुंडाळला. गुंडाळता गुंडाळता माशी वर आली, ती मी तारेच्या कडीत अडकवली आणि रिळाला अर्धा वळसा देऊन दोरा ताणला. दोन हात लागले. घाई केली तर गळ बोटात घुसेल असं ते काम. रॉड करंजाच्या झाडाला टेकवला आणि मागे होऊन बघितलं.

माळ्यावरून काढला तेव्हा तो असाच होता. दोरा गुंडाळलेला, ताणलेला, माशी कडीत. ज्याच्या दोरीला मासा आहे, ज्याच्या छातीला पाणी लागलंय, तो माणूस रॉड भिरकावण्याआधी दोरा गुंडाळत बसेल? माशी कडीत अडकवेल? हेमंत पाण्यात नव्हताच. हेमंत काठावर राखण करत होता.

इतकी वर्षं तो रॉड आमच्या डोक्यावर होता आणि आमच्या घरातल्या कुणालाही तो वाचता आला नव्हता. वॉचमनला नाही, चौकशीच्या साहेबांना नाही. वाचता येणारा सगळ्या कोळघरात एकच माणूस होता. आणि तो समोर खडकावर माझ्याकडे पाठ करून उभा होता.

शिव्या मला येतात, शाळेत शिकवत असले तरी. त्या सकाळी काठावर उभी राहून मी येतील तेवढ्या दिल्या. खळाळात त्याला एक अक्षर ऐकू गेलं नाही. तो आपला शांतपणे माशी टाकत होता, दोरा हवेत डौलात वळवत होता. त्याचा तो डौल मला बघवेना.

आणि भोंगा झाला.

रविवारी सकाळी यंत्र सहसा चालवत नाहीत, पण वरून फोन आला की चालवावं लागतं. डोंगराच्या कुशीतून तो आवाज निघाला आणि खोऱ्यात पसरला. बिवलकरनं मान वळवली नाही. त्याला ऐकू आलाच नव्हता.

मी वाकले, दगड उचलला आणि मारला. एक क्षणसुद्धा थांबले नाही, याचा मला आजही राग येतो. त्या माणसासाठी मी निदान एकदा तरी श्वास रोखायला हवा होता. पण हात आधीच चालला होता. पहिला दगड त्याच्या उजवीकडे पडला. त्यानं बघितलं नाही. दुसरा पुढे पडला. तिसरा मी नेम धरून मारला आणि तो त्याच्या पाठीत बसला.

तो वळला. माझा चेहरा बघून त्याला आधी वाटलं असणार की ही बाई दगड मारून मला मारतेय. मी वीजगृहाकडे हात केला. मग मात्र तो धावला. रॉड एका हातात, दुसरा हात पाण्यावर आपटत, पडत, उठत तो काठाशी आला आणि करंजाच्या मुळीला धरून वर चढला. कमरेपर्यंत, खांद्यापर्यंत, सगळाच भिजला होता. थोड्या वेळानं पाणी आलं. आवाज नाही, फेस नाही, नुसती नदी वर उचलली गेली. काळा खडक दिसेनासा झाला.

तो धापा टाकत बसला होता. मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"खिशातली माशी द्या."

"बाई..."

"द्या."

त्यानं ओल्या खिशातून ती काढून दिली. मी ती त्याच्या नाकासमोर धरली. "ही कडीत कुणी अडकवली?"

तो नदीकडे बघत राहिला.

"साहेब, त्या दिवशी काठावर कोण होतं?"

"तो होता," बिवलकर म्हणाला.

"आणि तुम्ही?"

"खडकावर. मासा लागला होता. तेवढा मोठा मी पुन्हा कधी बघितला नाही." हे सांगतानाही त्याचे हात नकळत मोठ्या माशाएवढे फाकले आणि मला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. "त्यानं दगड मारले. मी बघितले. मला वाटलं, अजून वेळ आहे. मी हात करून थांब म्हटलं."

"मग?"

"मग तो आत आला."

मी खाली बसले. तो बोलत राहिला, आता त्याला थांबवणं शक्य नव्हतं. हेमंतनं त्याचा पट्टा धरून त्याला काठाकडे ओढलं. रॉड सोडा म्हणाला. यानं सोडला नाही. तोवर पाणी मांड्यांना लागलं. शेवटच्या धारेत हेमंतनं त्याला पुढे ढकललं, त्याच्या हाताला मुळी लागली, आणि वळून बघतो तो मागे कुणी नव्हतं. बिवलकरचा स्वतःचा रॉड तेव्हा कुठे हातातून सुटला. त्याबद्दल कुणी विचारलंच नाही. गरवायला दोघं गेले होते आणि रॉड एकच सापडला, हे नऊ वर्षांत कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. माझ्यासुद्धा.

"मी तेव्हा लहान होतो हुद्द्यानं," तो म्हणाला. "लग्न ठरलेलं होतं. नंतर बदलता आलं नाही."

"उठा," मी म्हटलं.

"कुठं?"

"अप्पांकडे. आत्ता. असेच ओले चला."

तो गयावया करायला लागला. अप्पांचं वय झालंय, आता कशाला जखम उघडी करायची, मी लेखी देतो, रिटायर झाल्यावर देतो. मी म्हटलं, जखम झाकलीत ती तुमची. आमची उघडीच होती. नाही आलात तर उद्या शाळेच्या प्रार्थनेला मुलांसमोर सांगेन, मग मुलं घरी जाऊन सांगतील. तो उठला. जीप त्यानंच चालवली.

आमचं घर वसाहतीबाहेर, वाडीत. अप्पा पडवीत बसून सुपारी कातरत होते. जीप बघून त्यांनी अडकित्ता खाली ठेवला. त्यांना बिवलकर आवडायचा नाही, पण साहेबासमोर उभं राहायची सवय जात नाही. ते उभे राहिले.

"काय गो उजू, साहेबांना असं भिजवलंस कुठं?"

"अप्पा, बसा. साहेबांना काही सांगायचंय."

बिवलकर बसला नाही. पडवीच्या पायरीखाली उभा राहून, पायांशी पाण्याचं थारोळं करत, त्यानं सगळं सांगितलं. माझं सगळं लक्ष अप्पांच्या हाताकडे होतं. कोपऱ्यात त्यांची काठी होती. माझी तयारी अशी होती की त्यांनी ती उचलली तर मी आडवी जाणार नाही.

अप्पांनी काठी उचलली नाही. बिवलकरचं बोलणं संपलं. मग ते म्हणाले, "चौकशीत तुम्ही भोंगा ऐकला म्हणून सांगितलंत."

"नव्हता ऐकला. खळाळात होतो. ऐकला नाही म्हटलं असतं तर मी कुठं उभा होतो ते कळलं असतं."

"म्हणजे तुम्ही ऐकलाच नाही."

"नाही."

अप्पांचा चेहरा राखेसारखा झाला. मला कळेना, हे भलतंच काय धरून बसलेत. त्यांच्या मुलावरचा कलंक धुतला गेला होता आणि ते भोंग्याचं विचारत होते.

"मग हेमंत आत कशावरून आला?" अप्पा म्हणाले. नऊ वर्षांनी ते नाव त्यांच्या तोंडून आलं आणि त्यांनाच ते जड गेलं. "पाणी चढताना बघून?"

"नाही. पाणी नंतर चढलं," बिवलकर म्हणाला. "तो माझ्या कानाशी येऊन ओरडला."

"काय ओरडला?"

"साहेब, अप्पांनी भोंगा दिलाय, चला."

अप्पा खाली बसले. सुपारीचं ताट कलंडलं, खांडं पायरीवरून घरंगळत गेली. मला वाटलं त्यांना काहीतरी होतंय. मी पुढे झाले तर त्यांनी हातानं थांबवलं.

"आत काही ऐकू येत नाही," ते म्हणाले. माझ्याकडे बघून म्हणाले, पण मला सांगत होते असं नाही. "डोंगराच्या पोटात असतो आपण. बटण दाबायचं, लाल दिवा लागला की समजायचं वाजला. त्या दिवशी दिवा लागला आणि विझला. पुन्हा लागला. मी म्हटलं वाजला असेल. वरून फोनवर फोन येत होते. मी मशीन सोडलं. गावात पाऊस होता, दारं लावलेली. कुणी म्हणे ऐकला, कुणी म्हणे नाही. साहेब म्हणाले ऐकला, तर मला वाटलं ऑफिसची बाजू घेतायत. मग मी काय म्हणणार होतो लोकांना? भोंगा न देता मी माझ्या पोरावर पाणी सोडलं, असं म्हणू? माशासाठी मेला म्हटलं. मोठ्यानं म्हटलं. म्हणजे कुणी पुढं विचारणार नाही."

जेवणावरून उठून जाणारा, फोटो उलटा ठेवणारा हा माणूस इतकी वर्षं कुणावर चिडला होता ते आत्ता मला कळत होतं.

"पक्कं असंच म्हणाला?" अप्पांनी विचारलं.

"असंच," बिवलकर म्हणाला. तो आता रडत होता. त्याच्या रडण्याची मला किळस आली. "अप्पांनी दिलाय, असं म्हणाला. तुमची पाळी त्याला माहीत होती."

"ऐकू गेला त्याला," अप्पा म्हणाले. "माझा भोंगा ऐकू गेला."

मग ते म्हातारं माणूस हुंदके देऊन रडलं. तेराव्यालाही रडलं नव्हतं. मी त्यांच्या शेजारी बसले आणि वाट बघत राहिले की आता तरी ते मान वर करतील आणि या माणसाला दारातून हाकलतील. त्यानं आमचा हेमंत घालवला होता, आणि वर त्याचं नावही घालवलं होतं. दोन शब्द त्यानं नऊ वर्षांपूर्वी सांगितले असते तर या घरात माणसं वेगळी जगली असती, आई वेगळी मेली असती.

अप्पांनी डोळे पुसले आणि मान वर केली.

"उजू," ते म्हणाले, "साहेबांना टॉवेल आण."

"मी नाही आणणार."

"आण म्हणतो ना."

मी आत गेले आणि टॉवेल आणला. बिवलकरनं हात पुढे केला, पण मी तो त्याच्या हातात दिला नाही, पडवीच्या कठड्यावर टाकला. अप्पा उठले. त्यांनी टॉवेल उचलला, पायऱ्या उतरून खाली गेले आणि स्वतःच्या हातानं त्या माणसाच्या खांद्यांवर घातला. मग त्याचा दंड धरून त्याला वर आणलं आणि आपल्या शेजारी बसवलं.

"आता परत सांगा, साहेब," ते म्हणाले. "सावकाश. भोंग्यापासून सांगा."